घरचे देशी बियाणे: वाटताना काय चालते, विकताना काय लागते

शेजारणीला दोन मुठी वाल देणे, गावातल्या बाजारात वाटीने दोडक्याचे बी विकणे, बीज महोत्सवात शंभर पाकिटे मांडणे आणि मोबाईलवर ऑर्डर घेऊन कुरिअर करणे, या चारही वेळा बी तेच असते. नियम मात्र वेगवेगळे लागतात. बी घरापासून जितके लांब जाते, पाकीट जितके बंद होते आणि त्यावरचे नाव जितके मोठे होते, तितकी देणाऱ्याची जबाबदारी वाढते. खालचे सगळे या एका सूत्रावर उभे आहे. ते नीट समजले तर घाबरून बी वाटणे बंद करायची गरज नाही आणि बेफिकीर राहून नोटीस ओढवून घ्यायचीही गरज नाही.

आधी कायदे कोणते ते पाहू

पहिला 2001 चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा. त्याच्या कलम 39 नुसार शेतकऱ्याला आपल्या शेतमालाचे बी राखून ठेवणे, वापरणे, पेरणे, पुन्हा पेरणे, अदलाबदल करणे, वाटणे आणि विकणे, हे सगळे हक्क आहेत. वाण एखाद्या कंपनीच्या नावावर नोंदलेले असले तरीही आहेत. अट एकच: संरक्षित वाणाचे ‘ब्रँडेड’ बियाणे विकायचे नाही. ब्रँडेड म्हणजे काय तेही कायद्याने सांगितले आहे. पिशवीत किंवा डब्यात भरून, हे अमुक संरक्षित वाणाचे बी आहे असे कळेल असे लेबल लावलेले बियाणे. याच कायद्यात शेतकरी कोणाला म्हणायचे तेही दिले आहे. स्वतः जमीन कसणारा तर आलाच, शिवाय पारंपरिक वाण जपणारा आणि निवड करून ते सुधारणाराही त्या व्याख्येत बसतो.

दुसरा 1966 चा बियाणे कायदा. अधिसूचित, म्हणजे सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या, पीक किंवा वाणाचे बी विकण्याचा धंदा करणाऱ्याने किमान उगवण आणि शुद्धता राखावी, पाकिटावर खरे लेबल लावावे, हे त्याचे कलम 7 सांगते. विक्रीबरोबर अदलाबदल आणि अन्य मार्गाने पुरवठा हेही शब्द त्या कलमात आहेत. म्हणून ‘आम्ही पैसे घेत नाही, बदल्यात दुसरे बी घेतो’ एवढ्यावर धंदेवाल्याची सुटका होत नाही.

याच कायद्याचे कलम 24 घरच्या बियाण्यासाठी सर्वांत महत्त्वाचे आहे आणि ते फार थोड्यांना माहीत असते. स्वतः पिकवलेले बी, स्वतःच्या जागेवरून, थेट पेरणाऱ्याच्या हातात विकले किंवा दिले, तर 1966 चा कायदा लागूच होत नाही. या तीन अटी बोटांवर मोजून लक्षात ठेवा. पिकवलेले तुमचे हवे. जागा तुमची हवी, म्हणजे घर, शेत, खळे, वाडी. आणि घेणारा ते पेरण्यासाठी घेणारा हवा, पुढे विकण्यासाठी नव्हे. एक अट सुटली की सवलत गेली. मावशीने पिकवलेले बी तुम्ही विकले तर पहिली अट मोडते. आठवडी बाजारात पथारी मांडली तर दुसरी. कृषी सेवा केंद्राला पाच किलो दिले तर तिसरी.

तिसरा 1983 चा बियाणे (नियंत्रण) आदेश. तो अत्यावश्यक वस्तू कायदा, 1955 खाली निघालेला आहे. बियाणे विक्रीचा धंदा करणाऱ्या प्रत्येकाला त्यानुसार परवाना लागतो, मग वाण अधिसूचित असो वा नसो. साठ्याचा आणि भावाचा फलक लावणे आणि घेणाऱ्याला पावती देणे याच आदेशात आहे. 1966 च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड 500 रुपयांपर्यंतच आहे, म्हणून काही जण हसण्यावारी नेतात. पण विनापरवाना धंद्याची कारवाई अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली होते आणि त्यात तुरुंगवासाचीही तरतूद आहे.

नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने हरकतींसाठी खुला केला. मसुदा म्हणजे कायदा नव्हे. नवा कायदा अमलात येईपर्यंत 1966 चाच धरून चालायचे.

2001 चा हक्क असताना 1966 ची अट कशी?

इथे बहुतेकांची गल्लत होते. कलम 39 मधला हक्क ‘या कायद्यात काहीही असले तरी’ दिलेला आहे, म्हणजे 2001 च्याच कायद्यातल्या इतर कलमांवर तो भारी पडतो. बाकीच्या कायद्यांवर नाही. शिवाय ‘हा कायदा येण्यापूर्वी जसा हक्क होता त्याच प्रकारे’ असे शब्द तिथे आहेत. त्या आधीपासून 1966 चा कायदा होताच. म्हणून कंपनीने ‘आमच्या वाणाचे बी तुम्ही राखलेच कसे’ असे विचारले तर कलम 39 तुमच्या पाठीशी आहे. बियाणे निरीक्षकाने ‘परवाना आणि लेबल कुठे आहे’ असे विचारले, तर त्याला कलम 39 दाखवून काम भागत नाही. तिथे आपण धंदा करत नाही, किंवा आपण कलम 24 मध्ये बसतो, हे दाखवावे लागते.

पेटंटची भीती मात्र मनातून काढून टाका. भारताच्या पेटंट कायद्याचे कलम 3(जे) वनस्पती, बियाणे आणि वाण यांना पेटंट देत नाही.

कोणत्या पायरीवर काय करायचे

फुकट देणे आणि ओळखीपाळखीतली अदलाबदल. परवाना नको, सक्तीचे लेबल नको. तरीही पुडीवर पिकाचे नाव, गाव आणि काढणीचे वर्ष लिहाच. त्यामागे कायद्याचा धाक नाही. नाव नसलेली पुडी पुढच्या हंगामात कोणाच्याच कामाची राहत नाही आणि तशाच पुड्यांमधून वाण हरवतात.

घरून किंवा शेतावरून विक्री. कलम 24 च्या तीन अटी पाळा. बी सुटे मोजून द्या किंवा कागदाच्या पुडीत द्या. साधी वही ठेवा: तारीख, कोणाला, कोणते बी, किती. ‘स्वतः पिकवले, स्वतःच्या जागेवरून दिले’ हे दाखवायला सातबारा आणि ही वही पुरते. सातबारा नावावर नसेल, भाड्याची किंवा वाट्याची जमीन असेल, तर पीक उभे असतानाचे तारीख दिसणारे दोन-चार फोटो काढून ठेवा.

बीज महोत्सव, प्रदर्शन, आठवडी बाजार. इथे जागा तुमची नसते, म्हणून कलम 24 चा आधार सुटतो. वर्षातून एकदा महोत्सवात बी वाटणारा किंवा नाममात्र पैसे घेणारा ‘धंदा करतो’ असे म्हणणे अवघड आहे. दर आठवड्याला तीच पथारी, तीच पाकिटे आणि छापील दरपत्रक असेल तर मात्र तो धंदाच. महोत्सव भरवणाऱ्यांनी आधीच तालुका कृषी अधिकाऱ्यांना लेखी कळवावे, त्यात बियाणे विनिमयाचा कार्यक्रम आहे असे स्पष्ट लिहावे आणि पोच घ्यावी. एका कागदाने दिवसभराची कटकट वाचते.

बचत गट आणि शेतकरी उत्पादक कंपनी. दहा जणींचे बी एकत्र करून गटाच्या नावाने पाकिटे विकली की ती एकाने पिकवून स्वतःच्या जागेवरून विकलेली राहत नाहीत. परवाना घ्या. इथे पळवाट शोधू नये, कारण गटाचे नाव एकदा खराब झाले की सगळ्या सभासदांचे बी अडकते.

ऑनलाइन विक्री आणि कुरिअर. व्हॉट्सअ‍ॅपवर यादी टाकायची, पैसे यूपीआयने घ्यायचे आणि पाकीट टपालाने पाठवायचे, हा प्रकार आता घरोघरी चालतो. तो ‘स्वतःच्या जागेवरून थेट हातात’ मध्ये बसवणे कठीण आहे. नियमित करणार असाल तर परवाना आणि पूर्ण लेबल हवेच. भाचीला पाठवलेले वांग्याचे बी आणि महिन्याला दोनशे पाकिटे, यांतला फरक निरीक्षकालाही कळतो.

परवाना काढायचा असेल तर

परवाना राज्याचा कृषी विभाग देतो आणि अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. फी आणि मुदत बदलत असते, म्हणून तालुका कृषी अधिकारी कार्यालयात जाऊन त्या दिवशीची माहिती घ्या. ओळखपत्र, फोटो, विक्रीच्या आणि साठवणुकीच्या जागेचा पुरावा तयार ठेवा. कार्यालयात गेल्यावर ‘दुकान टाकायचे आहे’ असे म्हणू नका. तसे म्हटले की समोरचा कंपन्यांची उगम प्रमाणपत्रे, म्हणजे बी कुठून घेतले त्याचे दाखले, मागतो. ‘स्वतः पिकवलेले, सत्यप्रत, भाजीपाल्याचे देशी वाण विकायचे आहेत’ असे नेमके सांगा आणि अर्जासोबत वाणांची यादी जोडा.

सत्यप्रत हा शब्द इथे नीट समजून घ्यावा. प्रमाणित बियाणे म्हणजे बीज प्रमाणीकरण यंत्रणेने शेत पाहून, नमुना तपासून निळी खूणचिठ्ठी दिलेले. महाराष्ट्रात ही यंत्रणा अकोल्यात आहे. सत्यप्रत म्हणजे लेबलवर लिहिलेल्या गोष्टींची हमी उत्पादक स्वतः घेतो. घरचे बी फार तर सत्यप्रत असते. त्यावर ‘प्रमाणित’ किंवा ‘सर्टिफाइड’ लिहिणे सरळ सरळ खोटे आहे. ‘सेंद्रिय प्रमाणित’ हेही प्रमाणपत्र हातात असल्याशिवाय छापू नका.

पाकिटावर काय लिहायचे

घरून सुटे देत असाल तरी हीच सवय लावा. लेबल असे असावे:

पीक: भेंडी
वाण: स्थानिक, ‘आठ धारी’ (गावात याच नावाने ओळखतात)
कुठले: गाव, तालुका, जिल्हा
प्रकार: सत्यप्रत, सरळ वाण, संकरित नाही
काढणी: महिना आणि वर्ष
उगवण चाचणीची तारीख आणि टक्के
शुद्धता: टक्के
निव्वळ वजन: ग्रॅममध्ये
औषध लावले आहे की नाही
उत्पादकाचे नाव, पत्ता, फोन
किंमत

औषध लावलेले असेल, उदाहरणार्थ थायरम, तर औषधाचे नाव आणि ‘खाण्यासाठी, जनावरांच्या खाद्यासाठी किंवा तेलासाठी वापरू नये’ ही सूचना ठळक लिहावी लागते. भाजीच्या बियाण्यात हा धोका खरा आहे. वाल, चवळी, पावटा ही बियाणी घरात डाळीशेजारीच ठेवली जातात. राखेत किंवा कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेले बी असेल तर तेही लिहा, घेणाऱ्याला बरे वाटते.

वजनमापाच्या आवेष्टित (पाकीटबंद) वस्तूंच्या 2011 च्या नियमांतून 10 ग्रॅम किंवा त्याहून कमी वजनाची पाकिटे वगळलेली आहेत. टोमॅटोच्या एका ग्रॅममध्ये तीन-चारशे बिया बसतात, वांग्याच्या दोनशेच्या आसपास, म्हणून या पिकांची घरगुती पाकिटे सहसा त्या मर्यादेत राहतात. भेंडीचे तसे नाही. ग्रॅमला पंधरा-वीसच बिया बसतात, म्हणजे दहा ग्रॅममध्ये जेमतेम दोनशे. कारल्याच्या शंभर बिया भरल्या तर दहा ग्रॅमची मर्यादा सहज ओलांडते. तसे पाकीट बंद करून विकायचे तर एमआरपी, पॅकिंगचा महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क हेही छापा. बियाणे कायद्याचे लेबल या सवलतीने सुटत नाही, हे वेगळे सांगायला हवे. जीएसटीची चिंता नको, पेरणीयोग्य बियाण्यावर तो नाही.

उगवणीचा आकडा अंदाजाने टाकू नका

तक्रारी येतात त्या बहुतेक याच एका आकड्यावरून. प्रमाणित बियाण्यासाठी ठरलेली किमान उगवण अशी आहे: टोमॅटो, वांगी, कांदा 70 टक्के, भेंडी 65, मिरची, दुधी, दोडका, कारले, काकडी 60, चवळी 75. घरच्या बियाण्यालाही हीच पट्टी लावा. त्याखाली आलेले बी विकू नका. वाण दुर्मिळ असेल तर खरा आकडा तोंडाने सांगून फुकट द्या आणि जास्त बिया द्या.

चाचणी घरी होते. बियांच्या ढिगातून निवडून टपोऱ्या घ्यायच्या नाहीत. डोळे मिटून, वरून, मधून, तळातून मिळून शंभर बिया काढा. त्यांचे पंचवीस-पंचवीसचे चार भाग करा. चार सुती फडकी धुऊन, उकळून, पिळून घ्या. पिळल्यावर फडक्यातून पाण्याचा थेंब पडता कामा नये, पण बोट लावल्यावर बोट ओले व्हायला हवे. प्रत्येक फडक्यावर बिया एकमेकींना न चिकटता मांडा, गुंडाळी करा, दोन्ही टोकांना सैल दोरा बांधा आणि झाकणाच्या डब्यात उभ्या ठेवा. डबा सावलीत, 25 ते 30 अंशांच्या आसपास. रोज झाकण उघडून वारा द्या आणि फडके सुकत असेल तर शिंपडा.

मोजणी कधी करायची ते पिकावर आहे. चवळी आठव्या दिवशी, कांदा बाराव्या, टोमॅटो, वांगी, मिरची, दुधी, दोडका, कारले चौदाव्या, भेंडी एकविसाव्या दिवशी. मोजताना फक्त मूळ आणि कोंब दोन्ही धडधाकट असलेली रोपे धरा. नुसते टोक फुटून काळे पडलेले, पिळवटलेले, मूळच नसलेले रोप उगवलेले धरायचे नाही. चारही भागांची बेरीज म्हणजे टक्केवारी. चार भागांत फार तफावत आली, एकात 22 आणि दुसऱ्यात 11, तर कुठल्या तरी फडक्यात पाणी जास्त झाले किंवा बुरशी आली. चाचणी पुन्हा करा. सरासरी काढून वेळ मारून नेऊ नका.

कारल्याचे बी कमी उगवते असे म्हणून ते टाकू नका, त्याचे टरफल जाड असते. टोकाकडची कड नखकातरीने किंचित मोडून बी रात्रभर कोमट पाण्यात ठेवा आणि मग चाचणी लावा. घेणाऱ्यालाही तेच करायला पुडीवर लिहा.

विक्री मोठी असेल तर नमुना शासकीय बीज परीक्षण प्रयोगशाळेत तपासून घ्या. राज्यात त्या पुणे, परभणी आणि नागपूरला आहेत. अहवालाचा कागद वहीत चिकटवा. प्रमाणित बियाण्याची मुदत चाचणीपासून नऊ महिने धरतात. घरच्या बियाण्यालाही नऊ महिन्यांनी पुन्हा चाचणी लावून नवी तारीख टाका.

‘शुद्ध’ म्हणण्याआधी

लेबलवर वाणाचे नाव लिहिले की ते तसेच उगवेल असे तुम्ही सांगता. टोमॅटो, वाल, चवळी यांच्यात परपरागीकरण कमी होते. प्रमाणित बीजोत्पादनात त्याच पिकाच्या दुसऱ्या वाणापासून टोमॅटोला 25 मीटर आणि चवळीला 5 मीटर अंतर चालते. मिरचीला मात्र 200 मीटर लागतात आणि वेलवर्गीय भाज्यांना 500. परसात किंवा दोन एकरांच्या शेतात एवढे अंतर कोणाकडे असते? शेजारच्या शेतात संकरित दुधी असेल तर मधमाशी बांध ओळखत नाही.

त्याला उपाय हाताने परागीकरण. दुधीची आणि दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात, कारल्याची आणि भोपळ्याची पहाटेच्या सुमारास. उमलण्याच्या काही तास आधी, कळी फुगून पाकळ्यांची टोके सुटायला लागली की मादी कळीला, म्हणजे जिच्यामागे छोटे फळ असते तिला, आणि दोन-तीन नर कळ्यांना सुती दोऱ्याने किंवा कागदी पिशवीने बंद करा. उमलण्याच्या वेळी नर फूल तोडून पाकळ्या मागे सोला आणि पुंकेसर मादी फुलाच्या मध्यावर फिरवा. दोन वेगवेगळ्या वेलींचे नर वापरा. मग मादी फूल पुन्हा बांधा, दोन दिवसांनी दोरा सोडा आणि देठाला रंगीत चिंधी बांधा. चिंधीचे फळ फक्त बियाण्याला. हे केलेले नसेल तर लेबलवर ‘खुले परागीकरण, आसपास इतर वाण होते’ असे लिहून टाका. खरे सांगितलेले बी लोक घेतात.

दुधी, दोडका आणि काकडीत एक चूक जिवावर बेतू शकते. कडू फळाचे बी कधीही राखू नका, वाटू नका. कडवटपणा ज्या घटकांमुळे येतो त्यांनी पोटात मळमळ, उलट्या, रक्तस्राव होतो आणि कडू दुधीचा रस पिऊन माणसे दगावलीही आहेत. म्हणून बियाण्याच्या प्रत्येक वेलीचे एक कोवळे फळ आधी कापा, टोकाचा तुकडा जिभेला लावा आणि थुंकून टाका. कडू लागले तर ती वेल मुळासकट उपटा.

दोन-चार झाडांवरून राखलेले बी काही पिढ्यांत खुरटते. मिरची, वेलभाज्या, कांदा यांना निदान वीस झाडे, टोमॅटो-वालाला सहा ते दहा धरा. वेगळे दिसणारे झाड फुलण्याआधीच काढा.

नावात अडकू नका

जळगावचे भरीत वांगे, अलिबागचा पांढरा कांदा, भिवापूरची मिरची यांना भौगोलिक मानांकन आहे. दुसऱ्या जिल्ह्यात पिकवलेल्या बियाण्याच्या पाकिटावर तेच नाव मोठ्या अक्षरात छापून विकणे म्हणजे 1999 च्या भौगोलिक मानांकन कायद्यातला वाद अंगावर घेणे. ‘हिरवे भरताचे वांगे, मूळ बी जळगाव भागातले, पीक आमच्या गावचे’ असे लिहिले तर घेणाऱ्याला अधिकच कळते.

कंपनीच्या नावाची, चित्राची, जुन्या पिशवीची नक्कल नको. संरक्षित वाण असेल तर कलम 39 नुसार बी सुटे द्या, त्या वाणाचे नाव छापलेल्या पाकिटात नव्हे. एफएल 2027 या बटाट्यावरून 2019 साली गुजरातच्या शेतकऱ्यांवर पेप्सिकोने कोट्यवधींचे दावे लावले होते आणि त्याच वर्षी ते मागे घेतले. तेव्हा हेच कलम शेतकऱ्यांच्या बाजूने मांडले गेले. वाण संरक्षित आहे हे ठाऊक नसताना हातून काही घडले तर कलम 42 शेतकऱ्याला वाचवते. ठाऊक झाल्यावर तो आधार उरत नाही.

संकरित फळातले बी ‘देशी’ म्हणून देणे हा तर विश्वासघात आहे. पुढच्या पिढीत ते फुटते, एकाच वाफ्यात चार प्रकारची झाडे येतात. आणि कोणी ‘बीटी वांग्याचे’ म्हणून बी दिले तर हातही लावू नका. फेब्रुवारी 2010 पासून त्याच्यावर स्थगिती आहे आणि परवानगी नसलेले जनुकीय बदलाचे बी जवळ ठेवणे हा पर्यावरण संरक्षण कायद्याचा भंग ठरतो.

परदेशात बी टपालाने पाठवणे किंवा तिथून मागवणे टाळा. आयातीला 2003 च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो. परदेशी व्यक्ती किंवा संस्थेला बी देताना 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली राष्ट्रीय प्राधिकरणाची मंजुरी हा वेगळाच विषय होतो. देशातल्या शेतकऱ्याला आणि वाण पिकवणाऱ्या स्थानिकांना मात्र त्या कायद्यातली, राज्य जैवविविधता मंडळाला आगाऊ कळवण्याची अट लागू नाही.

वाण आपल्या नावावर नोंदवणे

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 ची पद्मश्री मिळाल्यापासून गावोगावी बीज बँका दिसतात. त्यातल्या फार थोड्यांनी वाणांची नोंद केलेली आहे. नोंद झाली की दुसरा कोणी तेच वाण स्वतःचे म्हणून पुढे आणू शकत नाही. शेतकरी वाणाच्या नोंदणीला शुल्क नाही. अर्ज पीक वाण संरक्षण प्राधिकरणाकडे जातो. मुख्यालय दिल्लीला आहे आणि शाखा पुण्यात. अर्जावर गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीची, जिल्हा कृषी अधिकाऱ्याची किंवा कृषी विद्यापीठाच्या संशोधन संचालकाची शिफारस लागते.

अर्ज अडकतो तो वाणाच्या वर्णनावर. ‘चवीला छान, टिकायला चांगले’ याने वेगळेपण सिद्ध होत नाही. पानाची कड, काट्यांची संख्या, फुलाचा रंग, फळाची लांबी सेंटिमीटरमध्ये, पहिल्या तोड्याला लागणारे दिवस, हे दहा झाडांवर मोजून लिहा. वाण वेगळे, एकसारखे आणि स्थिर आहे का ते तपासले जाते. शेतकरी वाणाला एकसारखेपणात दुप्पट सूट मिळते, म्हणून थोडी सरमिसळ असली तरी खचू नका. भाज्यांना संरक्षण 15 वर्षांचे. त्याच वेळी ग्रामपंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत वाणाचे स्थानिक नाव आणि जपणाऱ्या घरांची नावे लिहून घ्या. पुढे कोणी त्या वाणावर हक्क सांगितला तर ती नोंद पुरावा म्हणून पुढे करता येते.

तक्रार आली तर

बी घेणारा शेतकरी ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली स्पष्ट केले आहे. म्हणून पैसे घेऊन दिलेले बी उगवले नाही तर तो ग्राहक आयोगात जाऊ शकतो. प्रत्येक लॉटमधून दोनशे बिया बाजूला काढा. कागदी पाकिटात घालून, त्यावर लॉट, तारीख आणि उगवणीचा आकडा लिहून, कोरड्या हवाबंद बरणीत ठेवा आणि पीक हाती येईपर्यंत, म्हणजे निदान एक वर्ष, त्या हलवू नका. तक्रार आल्या दिवशी घेणाऱ्याच्या समोर त्यातल्या शंभर बियांची चाचणी लावा. उरलेल्या शंभर सीलबंद करून त्यावर दोघांच्या सह्या घ्या, प्रयोगशाळेत पाठवायची वेळ आली तर त्या जातील. घेणाऱ्याला पेरणीची तारीख, किती खोल पेरले, पाऊस कधी झाला, कोणते तणनाशक मारले हे विचारून तिथेच लिहून घ्या. टोमॅटो-वांग्याचे बी दोन बोटे खोल गेले किंवा पेरल्यावर वाफा कडक झाला, तर सत्तर टक्क्यांचे बीही वीसच टक्के वर येते. तुमच्या बरणीतले बी चांगले उगवले तर कारण दोघांनाही दिसते. नाही उगवले, तर पैसे आणि बदली बी लगेच द्या, आणि त्या लॉटमधले बी ज्यांना दिले त्या सगळ्यांना वहीतल्या नावांवरून त्याच दिवशी फोन करा.